पाऊस कोयनेत, पाणी सांगलीत : वाचकांचे पुराचे प्रश्न

मागच्या अंकात "पुराबद्दल काही विचारायचं असेल तर लिहा" असं दोन ओळीत टाकलं होतं, तर पत्रं, मेल, व्हॉट्सॲप सगळं मिळून ढीगच लागला. सारखे सारखे प्रश्न एकत्र केलेत, काहींची उत्तरं दोन ओळीत दिलीत, रागावू नका. माझी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली त्यामुळं नदीचं बोलायला लागलो की लांबतं, तेवढं सांभाळून घ्या. नावं मुद्दाम काढलीत, गाव तेवढं ठेवलंय.

काका, आम्ही गेल्या वर्षी सांगलीत भाड्यानं राहायला आलो. ग्राउंड फ्लोअर आहे, नदी चालत दहा मिनिटांवर. ऑगस्टमध्ये एक दिवस चक्क ऊन पडलेलं आणि रिक्षा फिरून माईकवर सांगतेय की पाणी वाढतंय, सामान हलवा. शेजारचे खरंच हलवायला लागले. आम्हाला काही कळेना. पाऊसच नाही तर पूर कुठून येतो? — एक गृहिणी, सांगली

शेजारच्यांचं ऐकलंत ना? तेच बरोबर होते ताई. सांगलीचा पूर सांगलीतल्या पावसानं येतच नाही. २२-२३ जुलै २०२१ ला महाबळेश्वरला चोवीस तासात ५९४ मिलिमीटर पाऊस पडला, सांगली शहराचा अख्ख्या वर्षाचा पाऊस साधारण तेवढाच असतो, आता बोला. महाबळेश्वर, नवजा, कोयनानगर, तिकडं चांदोलीचं जंगल, इकडं गगनबावडा आणि राधानगरी, या घाटमाथ्यावर जे पडतं ते सगळं उतरून तुमच्याच बाजूला येतं. कोयना कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते, वारणा तुमच्या हरिपूरला येऊन मिळते, आणि पंचगंगा पुढं नरसोबावाडीला. आता गंमत अशी की कराडच्या वरनं पाणी जोरात येतं पण सांगलीच्या आसपास नदीला उतारच राहत नाही, नुसती वळणं घेत संथ चालते, आणि त्यात खाली वाडीला पंचगंगा फुल्ल असली की कृष्णेचं पाणी पुढं सरकायला जागा नाही, मग ते मागं फुगतं. म्हणजे सांगलीला वरनं पाणी येतं आणि खालनं अडतं. त्यामुळं घाटात सोमवारी कोसळलेलं बुधवारी तुमच्या गल्लीत येतं आणि तेव्हा डोक्यावर ऊनही असू शकतं, आणि पाणी उतरायलाही म्हणूनच दिवस लागतात.

मग बघायचं काय? दारातला पाऊस बघू नका, आकडे बघा. सांगलीतल्या आयर्विन पुलाजवळची पातळी, इशारा ४० फूट, धोका ४५ फूट. कोयनेतून किती क्युसेक सोडलंय (क्युसेक म्हणजे काय ते पुढं सांगतो). आणि कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा किती आहे. पाऊसकाळात रोज पेपरात, ग्रुपवर, जिल्हा प्रशासनाच्या पेजवर हे येतंच असतं. कोयनेतून सोडलेलं पाणी सांगलीला लगेच येत नाही, दिवसभराचा वेळ जातो, तेवढा वेळ तुमच्या हातात. पण धरणाच्या खाली जे मुक्त पाणलोट क्षेत्र आहे, तिथं पडलेल्या पावसाला गेट-बिट काही नसतं, ते थेट नदीत. म्हणून "गेट बंद आहेत" एवढ्यावर निर्धास्त झोपू नका.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, घरमालकाला विचारा की आयर्विनला किती फूट झाल्यावर तुमच्या उंबऱ्याला पाणी लागतं. त्यांना माहीत असतंच, सांगलीत माणसाला स्वतःची जन्मतारीख सांगता येणार नाही एक वेळ पण हे सांगता येतं. समजा ४८ म्हणाले, तर तो आकडा मीटरच्या पेटीशेजारी मार्करनं लिहून ठेवा. २०१९ ला आयर्विनला ५७ फुटांच्या वर गेलं होतं, म्हणजे तुमच्या घरात नऊ फूट, पंखा बुडाला. मग पातळी तासाला किती इंचानं वाढतेय ते बघायचं. तासाला चार इंच वाढत असेल तर चाळीसवरनं पंचेचाळीसला जायला पंधरा तास. रात्री दहाला ४४ असेल आणि वाढतच असेल तर झोपायचं नाही, वॉशिंग मशीन वरच्यांच्या जिन्यात ठेवून यायचं. लाजायचं नाही, सांगलीत सगळे ठेवतात.

टीएमसी, क्युसेक हे रोज कानावर पडतं पण डोक्यात शिरत नाही. सोप्या भाषेत सांगाल का? — कॉलेजचा विद्यार्थी, कराड

सांगतो. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, २८ लिटर आणि थोडं. टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, लिटरमध्ये २८०० कोटींच्या पुढं. क्युसेक हा वेग, टीएमसी हा साठा, लोक दोन्हीची सरमिसळ करतात आणि चॅनलवाले तर सर्रास करतात.

राधानगरीचं धरण घ्या. तिथले सात स्वयंचलित दरवाजे आहेत, धरण भरलं की ते आपोआप उघडतात, कुणी बटण दाबायला लागत नाही. एक दरवाजा उघडला की १४२८ क्युसेक, म्हणजे सेकंदाला चाळीस हजार लिटर. दहा हजाराचे चार टँकर दर सेकंदाला. सातही उघडले तर दहा हजार क्युसेकच्या आसपास जातं, आणि हे लक्षात ठेवायला सोपं आहे, साडेअकरा हजार क्युसेक दिवसभर सोडलं की एक टीएमसी होतं.

आता तुमची कोयना. क्षमता १०५.२५ टीएमसी. "धरण ८० टक्केच भरलंय, अजून २० टक्के जागा आहे" असं ऐकून लोक खूष होतात. वीस टक्के म्हणजे २१ टीएमसी. घाटात लागून राहिला आणि आवक एक लाख क्युसेक झाली तर दिवसाला ८.६४ टीएमसी येणार. म्हणजे ती सगळी जागा अडीच दिवसात संपली. म्हणून जुलैच्या शेवटाला धरणात जागा ठेवून पाणी आधीच थोडं थोडं सोडत राहणं चांगलं, आणि तेव्हा "पाणी वाया घालवतात" म्हणून ओरडणारे आणि ऑगस्टमध्ये "आधी का नाही सोडलं" म्हणून ओरडणारे बऱ्याचदा तेच असतात. धरण चालवणाऱ्याला सिंचनाला ऑक्टोबरात भरलेलं धरण पाहिजे आणि पुराला जुलैत रिकामं, दोन्ही एकदम होत नाही. मी त्यांची बाजू घेतोय असं वाटेल, थोडी घेतोयच.

सगळा घोळ कर्नाटकातल्या कृष्णेवरच्या अलमट्टी धरणामुळं होतो, हे तुम्ही मान्य करणार का नाही? सरळ हो की नाही सांगा. — इचलकरंजी

सरळ सांगायचं तर, 'सगळा' नाही. २०१९ च्या महापुरानंतर सरकारनं नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती, तिनं अलमट्टी आणि कर्नाटकातल्याच हिप्परगी बंधाऱ्याला त्या पुराचं मुख्य कारण मानलं नाही, जोर दिला तो कमी दिवसात पडलेल्या प्रचंड पावसावर आणि नदीपात्रातल्या अडथळ्यांवर. ते आपल्याकडं बऱ्याच जणांना पटलं नाही, आंदोलनं झाली, अजून होतात, आणि अलमट्टीची पातळी ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटर करायचा कर्नाटकचा जो विचार आहे त्याला विरोध करणं मला योग्यच वाटतं, कारण एवढं संथ पात्र असताना खाली पाणी अजून उंच अडवलं तर काय होईल याची परीक्षा आपल्या घरावर कशाला घ्यायची. दोन राज्यांनी पावसाळ्यात रोज एकमेकांशी बोलून विसर्ग ठरवावा, हे तर पाहिजेच.

पण माझं म्हणणं वेगळं आहे. कोल्हापुरात शिरोलीजवळ महामार्गाचा भराव बघा. २०१९ ला आणि २०२१ ला तिथं रस्ता पाण्याखाली जाऊन पुणे-बेंगळुरू वाहतूक अडकून पडली, दूध नाही, पेट्रोल नाही. तो भराव पुराच्या पाण्याला आडवा पडलेला बांधच आहे, मधे मोऱ्या आहेत पण पूर आला की त्या पुरत नाहीत. पूरक्षेत्रात टाकलेले भराव, त्यावरची मंगल कार्यालयं, ओढे बुजवून केलेले प्लॉट, हे कर्नाटकानं नाही केलं. अलमट्टी दोनशे किलोमीटर लांब आहे म्हणून तिच्यावर बोलायला सोपं जातं. शेजारच्याच्या भरावावर बोललं की भांडण होतं.

हवामान खात्यानं रेड अलर्ट दिला त्या दिवशी पुण्यात कडक ऊन, शाळेला सुट्टी वाया. आणि यलो असताना आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये गुडघाभर पाणी. मग हे अलर्ट पाळायचे कशाला? — आंबिल ओढ्याजवळ राहणारा, पुणे

राग समजतो. पण अलर्ट म्हणजे काय ते आधी बघू. चोवीस तासात ६४.५ मिमीच्या वर गेला तर हवामान खात्याच्या भाषेत 'जोरदार', ११५.६ च्या वर 'अतिजोरदार', २०४.५ च्या वर 'अत्यंत जोरदार'. आणि अलर्ट असतो जिल्ह्याला, तुमच्या सोसायटीला नाही. पुणे जिल्ह्यात लोणावळा-ताम्हिणीही येतं आणि बारामती-इंदापूरही. ताम्हिणीत २१० मिमी, म्हणजे 'अत्यंत जोरदार', पडला तर रेड बरोबर ठरला, तुम्हाला कोथरूडात ऊन.

मेघगर्जनेसह पाऊस म्हणतात त्याची तर तऱ्हाच वेगळी. जुलैचा पाऊस हा अख्ख्या घाटभर पसरलेला, दिवस दिवस चालणारा, त्याचा अंदाज बराच चांगला येतो. वळवाचा किंवा परतीचा जो गडगडाटी ढग असतो तो दुपारी तापून उभा वाढतो, काही किलोमीटरचाच असतो आणि तासा-दोन तासात मोकळा होतो. कुठल्या पेठेवर मोकळा होणार हे आदल्या दिवशी कुणीच सांगू शकत नाही. जुलैतही कधी असं होतं, मुंबईचं २६ जुलै २००५ आठवा, सांताक्रूझला ९४४ मिमी आणि कुलाब्याला ७५ सुद्धा नाही, एकाच शहरात.

तुमच्या ओढ्याचं तर तुम्हाला सांगायलाच नको, २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजच्या बाजूला असाच ढग मोकळा झाला आणि सहकारनगर, अरण्येश्वर भागात भिंती पडल्या, माणसं गेली, चारचाकी एकमेकांवर चढल्या. हिशोब बघा, एक चौरस किलोमीटरवर १०० मिमी पडला की दहा कोटी लिटर होतं, म्हणजे मघाच्यासारखे दहा हजार लिटरचे दहा हजार टँकर, आणि ओढ्याचं पाणलोट एका चौरस किलोमीटरचं नसतं, बऱ्याच मोठं असतं. पूर्वी त्यातलं निम्मं माती प्यायची, आता काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉक, सगळंच्या सगळं वीस-पंचवीस मिनिटात ओढ्यात. सांगलीकराला दिवस मिळतो, तुम्हाला अर्धा तास मिळतो. म्हणून नदीचे नियम ओढ्याला लावू नका.

तुम्ही काय करायचं, तर सप्टेंबर-ऑक्टोबरात संध्याकाळी हवामान खात्याचा तीन तासांचा अंदाज येतो तो बघायचा, तो एक दिवसाच्या अलर्टपेक्षा तुमच्या कामाचा. रडारचं चित्रही त्यांच्या साईटवर असतं. सोसायटीत दक्षिणेकडं, कात्रजच्या बाजूला राहणारं कुणी ओळखीचं असेल तर त्याचा "इकडं धो धो चालू झालाय" हा एक मेसेज सगळ्यात भारी. तो मेसेज आला की पार्किंगमधल्या गाड्या वर काढायच्या, आणि वॉचमन तळमजल्यावर झोपत असेल तर त्याला आधी उठवायचं. गाडी काढायला बेसमेंटमध्ये पाणी शिरल्यावर उतरायचं नाही, जाऊदे गाडी.

पाण्यात गाडी बंद पडली, पाणी उतरल्यावर लगेच स्टार्ट करून बघू का? — ठाणे

अजिबात नाही. इंजिनात पाणी असताना स्टार्टर मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो आणि लाखभराच्या घरात खर्च जातो, शिवाय इन्शुरन्सवाले म्हणतात हे पुरानं नाही, तुम्ही चालू केल्यानं झालं, इंजिन प्रोटेक्ट वेगळं घेतलेलं नसेल तर ते बऱ्याचदा मिळत नाही. बॅटरीची वायर काढा, फोटो काढा, टो करून न्या. आणि वाहत्या पाण्यातनं मुळात घालूच नका, फूटभर वाहतं पाणी लहान गाडीला तरंगवतं, दोन फुटाला एसयूव्हीसुद्धा जाते. पुलावरनं पाणी जात असताना "मधला रस्ता दिसतोय की" म्हणणारा माणूस गाडीत असेल तर त्याला उतरवा.

आमचं चिपळूणच्या बाजारपेठेत कापडाचं दुकान आहे. २००५ ला गेलं, २०२१ ला पुन्हा गेलं. आता नदीतला गाळ काढलाय म्हणतात. दुकान इथंच ठेवावं का? माल किती उंच ठेवला तर सेफ? — चिपळूण

दुकान ठेवावं का हे मी सांगणं बरं नाही दादा, बाजारपेठ जिथं आहे तिथंच गिऱ्हाईक आहे. गाळ काढला हे चांगलंच झालं, वाशिष्ठीचं पात्र मोकळं झालं की लहान-मधले पूर लवकर उतरतात. पण २०२१ सारखा दिवस आला तर गाळ काढून तो थांबणार नाही. त्या वेळी काय काय एकत्र आलं बघा. वर महाबळेश्वर-कोयनेच्या रांगेत सह्याद्री ओतत होता, त्यात कोयनेच्या वीजघरांचं अवजल, म्हणजे वीज करून झाल्यावर सोडलेलं पाणी, कोळकेवाडीमार्गे वाशिष्ठीतच येतं, आणि २४ जुलैला गुरुपौर्णिमा होती म्हणजे भरती उधाणाची. गोवळकोटच्या खाडीत भरतीचं पाणी चढलेलं असलं की नदीचं पाणी समुद्राकडं जायला मागत नाही. पाऊस, नदी, भरती तिन्ही एकत्र.

म्हणून तुमच्या दुकानात कॅलेंडर लावा त्यावर जुलै-ऑगस्टच्या अमावास्या-पौर्णिमेच्या आजूबाजूचे तीन-तीन दिवस लाल करा. त्या दिवसात रात्री दुकान बंद करताना भारी माल, पैठण्या, शालू जे काय असेल ते पोटमाळ्यावर, खाली फक्त चालू माल. पोटमाळा २०२१ च्या खुणेच्या वर पाहिजे, खाली असला तर त्याचा उपयोग नाही, आणि तुमच्याकडं तर पाणी पहिल्या मजल्याला लागलेलं ती खूण भिंतीवर असेलच. तेवढी उंची दुकानात मिळत नसेल तर वरच्या भागात एक खोली भाड्यानं घेऊन अर्धा माल पावसाळ्यात तिकडं. रोजचा टेम्पोचा त्रास आहे, कबूल.

विम्याचं एक. दुकानाची फायर पॉलिसी असते त्यात वादळ-पुराचा भाग, एसटीएफआय म्हणतात, तो धरलाय का एजंटला लेखी विचारा, तोंडी नको, थोडा प्रीमियम वाचवायला तो काढून टाकलेला असतो आणि कळतं क्लेमच्या वेळी. स्टॉकचं रजिस्टर आणि बिलं फोनमध्ये फोटो काढून घरच्या कुणाला तरी पाठवून ठेवा, कारण वह्या भिजल्या की तुमच्याकडं किती माल होता हे सिद्ध करता करता नाकी नऊ येतात.

कोल्हापुरात फ्लॅट बघतोय. बिल्डर म्हणतो पूररेषेच्या बाहेर आहे, बिनधास्त घ्या. — आयटीतला, सध्या पुण्यात

कुठल्या पूररेषेच्या? हा प्रश्न त्याला विचारा आणि चेहरा बघा. रेषा दोन असतात. निळी रेषा ही साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची, तिच्या आत बांधकाम नाही. लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची, निळी आणि लाल यांच्या मधे अटी घालून परवानगी मिळते. बिल्डर 'बाहेर' म्हणतो तेव्हा तो बऱ्याचदा निळीच्या बाहेर म्हणत असतो.

आणि 'शंभर वर्षांतून एकदा' म्हणजे आत्ता येऊन गेला आता शंभर वर्षं सुट्टी, असं नव्हे. दर वर्षी शंभरात एक शक्यता, एवढाच त्याचा अर्थ. तुमचं होमलोन वीस वर्षांचं धरलं तर त्या काळात लाल रेषेचा पूर यायची शक्यता १८ टक्के निघते, आणि निळ्या रेषेच्या पुराची ५५ च्या पुढं, म्हणजे नाणं उडवण्यापेक्षा वाईट. हे सुद्धा जुन्या आकड्यांवर. राजाराम बंधाऱ्यावर इशारा ३९ फूट, धोका ४३, आणि २०१९ ला पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली, दोनच वर्षांनी २०२१ ला ५६ च्या वर. दोन वर्षांत दोनदा.

तुम्ही असं करा, पाऊसकाळात एकदा या आणि त्या भागातल्या चहाच्या गाड्यावर तासभर बसा. पाणी पहिलं जामदार क्लबला येतं, मग सुतारवाडा, मग कुठल्या क्रमानं कुठं येतं हे तिथला कुणीही हाताच्या बोटावर सांगेल, जुनी माणसं अजून पुलाच्या मच्छिंद्रीला, म्हणजे पूर मोजायच्या जुन्या खुणेला, पाणी लागलं का विचारतात. तुमची बिल्डिंग कुठं आहे एवढं सांगितलं की लोक एकमेकांकडं बघतात का ते बघा. मग जलसंपदा विभागाचा पूररेषेचा नकाशा महापालिकेत बघता येतो, त्यावर गट नंबर शोधा. भराव टाकून प्लॉट उंच केलाय का बघा, तुमचा प्लॉट वाचेल पण रस्ता बुडणार, मग चौथ्या मजल्यावर बसून पाणी, लाईट, लिफ्ट काही नाही आणि आई-वडिलांना बोटीनं न्यायचं. घेतलाच तर 'भारत गृह रक्षा' नावाची पॉलिसी सगळ्या जनरल इन्शुरन्स कंपन्यांकडं असते, तिच्यात पूर धरलेला असतो, घरातल्या सामानासकट घ्या.

आमचा भाग दुष्काळी, आम्ही टँकर बघत मोठे झालो. आणि २०२५ च्या सप्टेंबरात सीनेनं घरं-जनावरं-माती सगळं नेलं. दुष्काळी भागात पूर हा काय प्रकार आहे? — माढा तालुका, जि. सोलापूर

तुमच्याकडं वर्षाला पाचशे-सहाशे मिमी पडतो, पण त्यातला सगळ्यात मोठा वाटा सप्टेंबरचा, हे लोक विसरतात. जून-जुलै कोरडा गेला तरी परतीचा पाऊस गडगडत येतो आणि तोपर्यंत तळी, बंधारे, सीना-कोळेगावसारखी धरणं भरलेली असली तर नंतरचा थेंब न् थेंब नदीत जातो. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते तेव्हा भरपूर पाणी पिते, पण एकदा भिजून फुगली की भेगा मिटतात आणि पाणी आत जाणंच बंद. त्यात नदी वर्षातले आठ महिने कोरडी, म्हणून पात्रात वस्ती, पात्रात मोटारी, पात्रात ऊस. नदीला आपली जागा लागते तेव्हा ती कुणाला विचारत नाही.

खरवडून गेलेल्या जमिनीचं मला जास्त वाईट वाटतं. घर दोन वर्षांत होतं, माती होत नाही. पंचनाम्याला तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक यायच्या आधी चारी कोपऱ्यातनं लोकेशन दिसेल असे फोटो काढून ठेवा, आणि 'पीक गेलं' व 'जमीन खरवडून गेली' हे दोन वेगळे विषय आहेत, दोन्ही लिहून घ्या. तळ्याचा गाळ उन्हाळ्यात मिळत असेल तर आत्तापासून नंबर लावा.

वीज चमकायला लागली की शेतातल्या बायका झाडाखाली पळतात. मी नको म्हणते तर मला हसतात. कोण बरोबर? — परंडा

तुम्ही. झाडावर पडलेली वीज खाली उभ्या माणसाला गाठते, पाऊस अंगावर घेतलेला परवडला. चमकल्यापासून आवाज येईपर्यंत मोजा, तीन सेकंदाला एक किलोमीटर. तीस मोजायच्या आत आवाज आला तर काम सोडून पक्क्या घरात किंवा बंद गाडीत जायचं आणि शेवटच्या आवाजानंतर अर्धा तास बाहेर नाही यायचं. पत्र्याच्या उघड्या शेडचा काही आधार नसतो. काहीच जवळ नसेल तर सगळ्याजणी लांब लांब होऊन उकिडव्या बसा, पाय जुळवून, आडवं पडू नका. पुण्याच्या आयआयटीएमनं 'दामिनी' ॲप केलंय, आसपास वीज पडत असेल तर ते आधी सांगतं, मुकादमाच्या फोनमध्ये टाकून द्या. आणि वीज लागलेल्या माणसाला हात लावला तर शॉक बसतो हा गैरसमज आहे, त्याच्या अंगात काही उरत नाही, लगेच छाती दाबायला घ्या आणि १०८ ला फोन लावा.

विहिरीत पुराचं पाणी गेलं होतं. आता वरनं स्वच्छ दिसतंय. — पलूस

दिसू दे. उपसा, टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकून घ्या ग्रामपंचायतीकडनं, तपासणी होईपर्यंत उकळूनच प्या. चिखलात अनवाणी काम केलंय आणि ताप आला तर डॉक्टरला "मी पुराच्या पाण्यात होतो" हे आवर्जून सांगा, लेप्टोचा, म्हणजे उंदरांच्या मुतानं दूषित पाण्यातनं होणाऱ्या तापाचा, विचार त्यांनी वेळेत करायला पाहिजे.

काका, माझे सासरे पूर आला तरी घर सोडत नाहीत. पाच म्हशी, दोन गाई. २०१९ ला शेवटी बोटीतनं काढलं, तोपर्यंत आम्हा सगळ्यांचा जीव टांगणीला. "मी २००५ बघितलाय, काय होत नाही" एवढंच म्हणतात. त्यांना कसं समजवू? — एक सून, शिरोळ तालुका

समजवायला जाऊ नका पोरी. त्यांना पुराची भीती वाटत नाही असं नाही, त्यांना जनावरांना सोडून गेल्यावर गावात तोंड दाखवायची भीती वाटते. तुमचा तालुका म्हणजे कृष्णा, पंचगंगा, वारणा, दूधगंगा सगळ्यांचं पाणी गोळा होणारी जागा, तिथं शेवटच्या दिवशी निघायचं म्हटलं की बोटच, आणि बोटीत म्हैस येत नाही. म्हणून सासरे बसून राहतात, त्यांच्या हिशोबात ते बरोबरच आहे.

मग हिशोब बदला. आधी जनावरं हलवायची, माणसं नंतर. राजाराम बंधाऱ्यावर ३९ ची इशारा पातळी झाली आणि राधानगरीचे दरवाजे उघडले असं आलं की त्याच दिवशी, रस्ता कोरडा असतानाच, टेम्पो सांगायचा. टेम्पोवाल्याशी मे महिन्यातच बोलून ठेवा, ऐन वेळी तो दुप्पट मागतो आणि मिळतही नाही. जयसिंगपूरकडं किंवा उंचावर जिथं पाहुणे असतील तिथं आठ-दहा दिवसांची वैरण आधी पोचती करा, वैरण तिकडं गेली की अर्धं काम झालं. आणि सासऱ्यांना "तुम्ही चला" म्हणू नका, "जनावरांजवळ कोण थांबणार, पोरांना काय कळतं, म्हैस धार देणार नाही दुसऱ्याला" असं म्हणा. ते टेम्पोत पुढं बसतील. पेन्शनची कागदं, आधार, गोळ्या, चष्मा त्यांच्याच पिशवीत द्या.

"२००५ बघितलाय" याला उत्तर भिंतीवर द्या. २००५ ची खूण त्यांना विचारून घ्या, २०१९ ची तुम्हाला माहीत आहे, दोन्ही रेषा रंगानं मारून ठेवा गोठ्याच्या खांबावर. दोन्हीतलं अंतर रोज धार काढताना दिसू दे.

आणि तरीही वेळ आलीच, पाणी रात्री एकदम वाढलं आणि हलवता आलं नाही, तर दावणीला बांधून कधीच निघू नका, दावी सोडून द्या किंवा विळ्यानं कापा, जनावर पोहतं, मोकळं असलं तर उंचवटा शोधतं. बोट आली तर गर्दीत पहिल्या फेरीलाच चढायची घाई नको, २०१९ ला ब्रह्मनाळला जास्त माणसं बसून बोट उलटली आणि माणसं गेली हे तुमच्या भागात कुणी विसरलेलं नाही. लाईफ जॅकेट असेल तरच पोरं बसवायची. जिल्ह्याच्या कंट्रोल रूमचा नंबर १०७७, तो सासऱ्यांच्या साध्या फोनमध्ये एका बटणावर टाकून द्या.

पुढच्या वेळी प्रश्न पाठवताना नुसतं "आमच्याकडं पूर येतो" असं लिहू नका, जवळची नदी किंवा ओढा कुठला, घर किती लांब आणि शेवटचं पाणी कुठपर्यंत आलेलं एवढं लिहा, म्हणजे नीट सांगता येईल. दरड कोसळण्याबद्दल महाड, पोलादपूर आणि आंबेगावकडची बरीच पत्रं आलीत, ती पुढच्या अंकात घेतो.